बाकूत (अझरबैजानच्या राजधानीत) बाजारात भाव कळत नाही? १९ शब्द पाठ करा

अझरबैजानी आकडे १ ते १०० असे ओळीने पाठ करायला बसू नका, मी तेच करत होतो आणि तिसापर्यंत जाता जाता कंटाळलो. आपल्या एकोणतीस, एकोणचाळीससारखी भानगड तिथे नाहीच, दहाचा शब्द आणि पुढे सुटा आकडा, बस.

१. आधी सुटे: बीर, इकी, युच, दोर्द, बेश, आल्ती, येद्दी, सॅक्किझ, दोग्गुझ.

२. मग दहाचे: ओन (१०), इयिर्मी (२०), ओतुझ (३०), गिर्ख (४०), ॲल्ली (५०). हे पाच घोकावेच लागतात. पुढचे आल्तमिश, येतमिश, सॅकसॅन, दोखसान हे ६, ७, ८, ९ वरूनच आलेत, ऐकलं की कळतं.

३. युझ म्हणजे १००. आता नुसतं जोडा: २५ इयिर्मी बेश, ३४७ युच युझ गिर्ख येद्दी. मध्ये 'आणि' वगैरे काही नाही. १९ शब्दांत ९९९ पर्यंत! (हजाराला मिन, तो विसावा.)

सरावाला गाड्यांच्या नंबर प्लेट बेस्ट, दोन आकडे, दोन अक्षरं, तीन आकडे असतात, आणि बाकूत सुरुवातीला बहुतेक १०, ७७, ९० किंवा ९९च दिसतं, त्यामुळे सिग्नलला उभं राहून येतमिश येद्दी, दोखसान दोग्गुझ आपोआप तोंडात बसतं.

फक्त आल्ती आणि आल्तमिश नीट ऐका, ६ 'मनात' आणि ६० 'मनात' (मनात हे तिथलं चलन) यात खिसा रिकामा होतो. शंका आली की सरळ मोबाईलवर आकडा टाइप करून दाखवायला सांगा.