शेजारच्या वर्गात वीस मिनिटं

शाळा सुधारायची म्हटलं की प्रशिक्षण निघतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास सांगितलेत. त्यातले किती तास मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासण्यात जातात, ते आपलं आपल्याला ठाऊक. त्यापेक्षा शेजारच्या वर्गात वीस मिनिटं जाऊन बसा.

जोडीदार निवडा. मैत्री असलीच पाहिजे असं नाही. चहाच्या वेळी मोकळं बोलता येत असलं की झालं. मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, पण अहवाल देणार नाही हेही तेव्हाच सांगा. कागद वर गेला की त्याची तपासणी होते, आणि तपासणीच्या दिवशी पाठ कसे होतात ते वेगळं सांगायला नको. द्विशिक्षकी शाळेत तुमच्या वर्गाला लेखन देऊन व्हरांड्यात बसवा आणि स्वतः दाराजवळ बसा.

पाठाच्या आदल्या दिवशी विचारा, "बाई, उद्या कोणाकडे बघू?" त्या सांगतील त्या तीनच मुलांकडे बघायचं.

आता अवघड भाग. बसायचं कुठे आणि नंतर बोलायचं काय.

बहुतेक जण मागच्या भिंतीला टेकून बसतात. तिथून दिसतात पाठी आणि वेण्या. मुलांच्या बाजूला, खाली सतरंजीवर बसा. दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालली होती: 42 वजा 17. दोन पोरांच्या पाटीवर 35. फळ्याजवळून बघितलं तर दोघांची चूक एकच. मी शेजारी होतो म्हणून कळलं की एकाने सातातून दोन काढले होते, मोठ्यातून लहान, सवयीने. दुसऱ्याने दशक बरोबर सुटा केला, बारातून सात काढले, पण चाराचे तीन करायचं विसरला. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात द्यायला हवेत. दुसऱ्याला सुटा केलेला दशक तेवढा खोडून दाखवला की पुरे. वर्गात चाळीस मुलं असताना बाईंना हे दिसणं शक्यच नव्हतं. तुम्ही तिथे बसलात ते एवढ्यासाठीच.

वहीत फक्त मुलाने काय केलं ते लिहा. "दहा मिनिटं पाटी कोरी", "शेजाऱ्याचं बघून खोडलं". "विषय प्रवेश प्रभावी" वगैरे निरीक्षण तक्त्यातली भाषा नको. ती वाचून आजवर कोणाचा पाठ सुधारलेला मी पाहिला नाही.

बोलण्यात मी स्वतः सपशेल आपटलो आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्यापेक्षा पंधरा वर्षं ज्येष्ठ बाईंचा पाठ पाहिला आणि मधल्या सुट्टीत, खिचडी वाढता वाढता, चारजणांत म्हणालो, "पाठ छान झाला बाई, पण शैक्षणिक साहित्य वापरायला हवं होतं." त्या हसल्या. पुढचे आठ महिने त्यांच्या वर्गाचं दार माझ्यापुरतं बंद होतं. चूक त्यांची नव्हती. मी साहेब झालो होतो.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, दोघंच. पहिल्यांदा वही त्यांच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं जीव खातं, पण बसा. "मी असतो तर..." हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. सल्ला त्यांनी मागितला तरच द्यायचा, तोही एकच. स्तुतीही नको. स्तुती ऐकली की माणूस पुढच्या "पण"ची वाट बघत बसतो.

कोणी म्हणेल, आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र जमतात त्या शिक्षण परिषदेतही हे होतं. परिषदेत आदर्श पाठ होतो, निवडक मुलांवर. त्यातून 35 च्या दोन चुका सापडत नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांना तुमच्या वर्गात बोलवा. हे टाळलंत तर वरचं सगळं फुकट. माझ्या पाठाला बाई आल्या, तेव्हा त्यांच्या वहीत एकच ओळ होती: "एकूण प्रश्न सात. मुलांनी तोंड उघडायच्या आत सरांनीच उत्तर दिलं, पाच वेळा."