रिगवरच्या मानवी चुकांचा धोका मोजताना या चुका टाळा

पनवेल-बेलापूरच्या ऑफिसात बसून समुद्रातल्या रिगचं (तेल-वायूच्या विहिरी खोदणाऱ्या तळाचं) रिस्क असेसमेंट, म्हणजे धोक्याचं मूल्यमापन, लिहिणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बीओपी (विहिरीतला उसळता दाब रोखणारा झडपांचा संच), मड पंप (विहिरीत खोदकामाचा चिखल सोडणारा पंप), क्रेन यांचे रकाने आपण मन लावून भरतो. माणसाचा रकाना आला की ‘ऑपरेटरची चूक, प्रशिक्षण द्यावे’ असं लिहून मोकळे होतो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. बारा तासांच्या पाळीत तो कितव्या तासाला होता? उगाच वाजत राहणारा अलार्म आधीच कुणी बंद केला होता का? हे विचारल्याशिवाय तो रकाना भरला असं मानू नका.

‘अनुभवी क्रू’ म्हणून धोक्याचे गुण कमी लावणं ही दुसरी चूक. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोटात ११ जण गेले, तिथली माणसं नवखी नव्हती. निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये (विहिरीतला दाब मुद्दाम कमी करून ती गळत नाही ना हे बघण्याच्या चाचणीत) ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय (दाबाचं एकक) दाब दिसत होता, त्याच विहिरीला जोडलेल्या किल लाइन या बाजूच्या नळीवर मात्र शून्य. विहीर बंद झालेली नाही, हाच त्याचा अर्थ होता. पण दाबाचं एक सोयीस्कर स्पष्टीकरण पुढे आलं आणि ते मान्य झालं. टेस्ट कशी करायची, कधी नापास धरायची, याची ठरलेली पद्धतच तेव्हा नव्हती. म्हणून तुमच्या रिगवर नापासचा निकष लेखी आहे का ते बघा. आणि ड्रिलरला टूलपुशरसमोर (त्याच्या वरिष्ठासमोर) ‘थांबा’ म्हणता येतं का, हे दोघांना वेगवेगळं बसवून विचारा.

तिसरी चूक आपल्या जवळची आहे. २७ जुलै २००५, मुंबई-ठाणे पाण्यात गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात जहाजावरच्या जखमी स्वयंपाक्याला उतरवण्यासाठी जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणलं गेलं. ते रायझरला (समुद्रतळावरून तेल-वायू वर आणणाऱ्या पाइपला) धडकलं, आग लागली, २२ जणांचा बळी गेला. घटना ड्रिलिंगची नाही, पण धडा आपलाच आहे: आपल्या यादीत हलगर्जीपणा असतो, मदतीची घाई नसते. ‘माणूस जखमी आहे, हवामान खराब आहे’ अशा वेळी नाही म्हणायचा अधिकार कुणाचा, हे आधीच नावानिशी लिहा.

निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) शून्य आले तर समाधान मानू नका, बहुधा कुणी सांगायला धजत नाही. कंत्राटी कामगारांची टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधीच्या सुरक्षा-चर्चेच्या) कागदावरची सही म्हणजे समजल्याचा पुरावा नव्हे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक कामगारालाच त्याच्या भाषेत सांगायला लावा: आज हात कुठे घालायचा नाही.