दहावीची गणिताची वही कशी ठेवावी

वही दाखवायला सांगितली की मुलं विचारतात, ‘सर, पक्की की कच्ची?’ माझं मत विचाराल तर पक्की वही हा वेळेचा अपव्यय. आधी कुठल्या तरी कागदावर गणित सोडवायचं आणि मग रात्री जागून ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं, यात गणित एकदाच होतं आणि हात दोनदा दुखतो. वही एकच हवी, जिच्यात गणित खरोखर सोडवलं आहे.

म्हणजे विषयाला एक, असं नव्हे. राज्य मंडळाचं दहावीचं गणित भाग १ आणि भाग २ असं आहे, लेखी परीक्षाही ४०-४० गुणांच्या वेगळ्या. तेव्हा दोन दोनशेपानी वह्या घ्या. पुढून बीजगणित, मागून भूमिती ही काटकसर नको. डिसेंबरात दोन्ही मधोमध भेटतात आणि उरलेली भूमिती विज्ञानाच्या वहीत जाते.

पहिली दोन पानं अनुक्रमणिकेला सोडा, बाकीच्यांना आकडे घाला. रोज वर तारीख, प्रकरण आणि सरावसंच लिहा. ‘गृहपाठ’ एवढंच लिहिलेलं पान मार्चमध्ये सापडत नाही. सूत्रं शेवटच्या पानापासून उलट्या क्रमाने लिहीत या.

आता पान. उजवीकडे चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारा, ती कच्च्या कामाची. गुणाकार-भागाकार तिथेच करा, बाकावर किंवा तळहातावर नको. एका ओळीत एकच पायरी, आणि बरोबरची चिन्हं एकाखाली एक. भूमितीत आकृती पेन्सिलीने आणि सिद्धतेच्याच पानावर काढा. पान उलटून आकृती बघावी लागली की कोन हमखास चुकतो. सिद्धतेत विधान डावीकडे, कारण उजवीकडे.

सगळ्यात महत्त्वाचं: चूक खोडू नका. व्हाइटनर तर दप्तरातून काढूनच ठेवा. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ, शेजारी लाल पेनाने कारण, आणि खाली पुन्हा सोडवलेलं गणित. समजा अंकगणिती श्रेढीत पहिलं पद ७ आहे, दर पदाला ५ वाढतात आणि १९वं पद हवं आहे. पुष्कळ जण ७ मध्ये १९ × ५ मिळवून १०२ लिहितात. खरं उत्तर ९७, कारण पहिल्या पदापासून एकोणिसाव्यापर्यंत उड्या १८च. ‘उड्या पदांपेक्षा एकने कमी’ एवढंच शेजारी लिहा. ‘चुकून झालं’, ‘घाईत’ ही कारणं नाहीत. घाईत नेमकं काय झालं? कंसाबाहेरचं वजा चिन्ह आतल्या दुसऱ्या पदापर्यंत पोहोचलंच नाही, असं लिहा.

गैरहजर राहिलात तर तारीख टाकून दोन पानं कोरी सोडा. नंतर मित्राच्या वहीतून फक्त उदाहरणं उतरवून घ्या, उत्तरं नकोत. गाइडमधून छापल्यासारखं उतरवलेलं पान मला लांबूनही ओळखू येतं, त्यात एकही खाडाखोड नसते.

रविवारी पंधरा मिनिटं काढून आठवड्याची फक्त लाल अक्षरं वाचा. एकच कारण तिसऱ्यांदा दिसलं, तर ते सूत्रांच्या पानावर चौकटीत लिहा आणि त्याच प्रकारची दोन गणितं तेव्हाच सोडवा, उत्तरसूची मिटून.