‘पानंच लागली नाहीत’ म्हणण्याआधी : कार्ड गेम खेळताना या चुका टाळा

दर रविवारी संध्याकाळी नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका मित्राच्या घरी आम्ही सहा-आठ जण जमतो. कुणी सातपूरहून शिफ्ट आटोपून येतं, कुणी सिडकोतून, दोघं नाशिक रोडहून. जेवणाच्या टेबलावर मॅट पसरतात आणि मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओह या कार्ड गेमचे डाव सुरू होतात. हरलेला माणूस उठताना जे म्हणतो ते ठरलेलं असतं : “पानंच लागली नाहीत.” मग मी विचारते, “डेकमध्ये लँड किती आहेत?” (डेक म्हणजे प्रत्येकाचा आपला पत्त्यांचा संच; लँड म्हणजे मॅजिकमध्ये बाकीची पानं खेळायची ताकद, ‘माना’, देणारी पानं.) उत्तर येतं, “असतील बावीस-तेवीस.”

हे ‘असतील’ मला खटकतं. या खेळांत नशीब आहे, चांगलं भरपूर आहे, पण ते मोजता येतं. मोजायच्या आधीच त्याला दोष देणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

लहानपणी आपण मेंढीकोट, बदाम सात, रमी खेळलो. तिथं पत्ते सगळ्यांचे सामाईक असतात, वाट्याला येईल ते पान घ्यायचं. तरीही सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात आणि कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं याला अक्कल लागते. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड यांचा मॅजिक आला आणि पत्त्यांच्या खेळात एक पायरी वाढली : प्रत्येकानं आपला डेक घरून बांधून आणायचा. रविवारी कोणतं पान येईल ते माझ्या हातात नाही. पण ते येण्याची शक्यता किती, हे मी शनिवारी रात्रीच ठरवून ठेवलेलं असतं.

पहिली चूक : डेक अंदाजानं बांधणं

माझी भाची नववीत आहे, पोकेमॉन खेळते. काही महिन्यांपूर्वी ती रडकुंडीला आली होती. “मावशी, मला दर वेळी मुलिगनच करावा लागतो.” पोकेमॉनमध्ये ६० पानांचा डेक, सुरुवातीला हातात ७ पानं, आणि त्यांत निदान एक बेसिक (थेट मैदानात उतरवता येणारा) पोकेमॉन असलाच पाहिजे. नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसायचं, यालाच मुलिगन म्हणतात, आणि त्या बदल्यात समोरच्याला एक जादा पान घेता येतं. तिचा डेक उघडून मोजला. बेसिक होते ८.

८ बेसिक असताना पहिल्या हातात एकही न येण्याची शक्यता जवळपास ३५ टक्के आहे. म्हणजे तीन डावांत एकदा तिला समोरच्याला फुकटचं पान द्यावं लागणारच होतं. १२ बेसिक ठेवले की हाच आकडा १९ टक्क्यांवर येतो. तिचं दुर्दैव डेकच्या डब्यातच होतं, आणि ते तिनंच घातलं होतं.

हिशोब अवघड नाही. समजा ६० पानांत एखाद्या पानाच्या ४ प्रती आहेत. ७ पानांच्या हातात त्यातली एकही न येण्याची शक्यता अशी : ५३ गुणिले ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, भागिले ६० गुणिले ५९ गुणिले ५८ गुणिले ५७. उत्तर साधारण ०.६०. म्हणजे चारही प्रती घातल्या तरी ते पान पहिल्या हातात फक्त ४० टक्के वेळा दिसेल. ‘चार-चार घातलेत तरी येत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डेकच्या डब्यावर लिहून ठेवावा. इतका गुणाकार नको असेल तर एक्सेलमध्ये HYPGEOMDIST (हायपरजिओमेट्रिक) नावाचं तयार सूत्र आहे. चार आकडे भरले की काम झालं.

यु-गि-ओहवाल्यांची चूक वेगळी असते. डेक ४० ते ६० पानांचा चालतो, मग आवडलेलं प्रत्येक पान कोंबलं जातं. ४० पानांत एका पानाच्या ३ प्रती असतील तर ५ पानांच्या हातात ते येण्याची शक्यता जवळपास ३४ टक्के. ६० पानांत तीच २३ टक्के. वीस जादा पानांची किंमत एवढी आहे. काही डेकना ६० पानं शोभतात, पण ‘काढवत नाही’ हे त्याचं कारण असू नये.

दुसरी चूक : वाईट हात आशेवर ठेवणं

इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमच्या टेबलावर सर्वांत जास्त डाव इथेच हरले जातात.

मॅजिकमध्ये ६० पानांत २४ लँड असतील, तर पहिल्या ७ पानांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता १४ टक्के आहे, म्हणजे सात हातांत एकदा. तो हात टाकायचाच, त्यात वाद नाही. खरा प्रश्न दोन लँडच्या हाताचा. “येईल की तिसरी,” असं म्हणून तो ठेवला जातो. पण येईल का?

तुम्ही पहिले खेळणार असाल, तर पहिल्या टर्नला तुम्ही पान ओढत नाही. तिसऱ्या टर्नपर्यंत तुम्हाला दोनच पानं मिळतात. उरलेल्या ५३ पानांत २२ लँड आहेत. दोन्ही ओढींत एकही न येण्याची शक्यता ३४ टक्के. दुसरे खेळणार असाल तर एक पान जास्त मिळतं आणि हा धोका १९ टक्क्यांवर उतरतो. हात तोच, सातही पानं तीच, पण एका बाजूला तीनात एकदा अडकणार आणि दुसऱ्या बाजूला पाचात एकदा. हातात बाकी स्वस्त पानं असतील तर मी दुसरी खेळताना तो बहुतेक वेळा ठेवते. पहिली खेळताना, आणि बाकीची पानं चार-पाच ‘माना’ लागणारी, महाग असतील, तर टाकते. आमच्यातले निम्मे जण हात ठेवताना आपण पहिले आहोत की दुसरे, याचा विचारच करत नाहीत.

मुलिगनची भीतीही आता जुनी झाली. २०१९ पासून मॅजिकमध्ये नियम असा आहे की प्रत्येक वेळी पूर्ण ७ पानं घ्यायची आणि जितके मुलिगन झाले तितकी पानं निवडून डेकच्या तळाशी ठेवायची. सातातून निवडलेली सहा पानं ही बिचारी सहा पानं नसतात.

तिसरी चूक : निकालावरून खेळी ठरवणं

माझा मामा निफाडकडे द्राक्षं लावतो. ऑक्टोबर छाटणी लवकर घेतली तर माल लवकर निघतो आणि भाव बरा मिळू शकतो. पण त्याच काळात पाऊस झाला तर डावणी रोग घुसतो. म्हणून तो सगळी बाग एकदम छाटत नाही, टप्प्याटप्प्यानं छाटतो. एका वर्षी पाऊस आलाच नाही. शेजाऱ्यांनी सगळी बाग लवकर छाटली होती, त्यांना भाव मिळाला, मामाला कमी मिळाला. गावात लोक म्हणाले, चुकलास. मामानं पुढच्या वर्षीही टप्प्यानंच छाटली. मी विचारलं तर म्हणाला, “पाऊस माझ्या हातात नाही गं. पाऊस आला तर किती जाईल, ते माझ्या हातात आहे.”

पत्त्यांच्या टेबलावर हे पाळणं फार जड जातं. मागच्या पावसाळ्यातला एक डाव सांगते. माझ्यापुढं दोन वाटा होत्या. पहिल्या वाटेनं गेले तर समोरच्यानं पुढच्या ओढीत दोनच विशिष्ट पानांपैकी एक काढलं तरच मी हरणार होते. त्याच्या डेकमध्ये ३० पानं उरली होती, म्हणजे धोका पंधरात एक. दुसऱ्या वाटेत त्याची आठ पानं मला मारत होती, धोका २७ टक्के. मी पहिली वाट धरली. त्यानं ओढलं, आणि तेच पान निघालं. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “ताई, तिकडून जायला हवं होतं.” पुढच्या आठवड्यात तशाच पेचात तो स्वतः दुसऱ्या वाटेनं गेला आणि जिंकला. त्याचा धडा पक्का झाला, आणि तो धडा चुकीचा आहे.

माझ्या मते ही सर्वांत महाग चूक आहे, कारण ती शिकण्याच्या रूपात येते. हरलेल्या डावात आपण निदान कारण शोधतो. चुकीची खेळी करून जिंकलेल्या डावाकडं कुणी वळूनही पाहत नाही. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने ठेवा : ‘काय ठरवलं आणि का’ हा एक, ‘काय झालं’ हा दुसरा. पहिला रकाना समोरचा पान ओढायच्या आधी मनात तरी भरलेला असावा. नंतर भरला की निकाल त्यात हळूच शिरतो.

चौथी चूक : चार डावांत निष्कर्ष काढणं

समजा तुम्ही खरोखर चांगले आहात आणि शंभरात ५५ डाव जिंकता. तरीही २० डाव खेळलात तर चार वेळांत एकदा तुम्ही ९ किंवा त्याहून कमी जिंकाल. आमच्यातला एक जण रविवारी तीन डाव हरला की सोमवारी डेक मोडतो. त्याला वर्षभरात एकही डेक नीट कळलेला नाही. स्पर्धांत तीनपैकी दोन डावांची मॅच असते, त्यानं कौशल्याला थोडा हात मिळतो. पण ५५ चे फक्त साडेसत्तावन्नच होतात. डेक बदलायचाच असेल तर किमान तीस-चाळीस डाव लिहून झाल्यावर, आणि एका वेळी दोन-तीनच पानं बदला. नाहीतर कशानं फरक पडला ते कळतच नाही.

पाचवी चूक : नीट न पिसणं

डाव संपल्यावर लँड एका ढिगात, बाकी पानं दुसऱ्या ढिगात असतात. मग काही जण दोन पानांमागे एक लँड सरकवत जातात आणि वरवर दोनदा पिसतात. नंतर नीट पिसलं तर आधीची ती मांडणी वाया गेली. नीट पिसलं नाही तर ती लबाडी झाली, मनात नसली तरी. टेबलावर सात-आठ ढीग घालून पानं गोळा करणं हेही पिसणं नव्हे. त्यानं पानं मोजून होतात, एवढंच. बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५२ पानं नीट मिसळायला दोन भाग एकमेकांत गुंफून साधारण सात वेळा पिसावं लागतं. आपली पानं ६०, तेव्हा सातच्या खाली थांबू नका, आणि समोरच्याला कापायला द्या.

नाशिकच्या श्रावणात आणखी एक भानगड होते. दमट हवेनं चकचकीत फॉइल पानं वाकतात आणि पाठीवरूनही ओळखू येतात. स्पर्धेत ती खुणेची पानं धरली जातात. सगळ्या स्लीव्ह (पानांवर घालायची प्लास्टिकची कव्हरं) एकाच पाकिटातल्या घ्या, एक फाटली तर जादातली घाला, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

सहावी चूक : झाकलेलं न मोजणं

ही खास पोकेमॉनची. डावाच्या सुरुवातीला ६ पानं बक्षीस म्हणून उपडी ठेवली जातात; समोरचा पोकेमॉन बाद केला की त्यातली मिळतात. डेकमध्ये एकच प्रत असलेलं पान त्यांत अडकण्याची शक्यता १० टक्के आहे. ते टाळता येत नाही. पण डावात पहिल्यांदा एखाद्या पानामुळे डेक उघडून शोधायची संधी मिळते, तेव्हा काय नाहीये ते पाहून घेता येतं. बहुतेक नवे खेळाडू हवं ते पान उचलतात आणि डेक बंद करतात. मग सहाव्या टर्नला ज्या पानाची वाट पाहत होते ते बक्षिसात निघतं, आणि त्याला दुर्दैव म्हणतात. घरी सराव करा : डेक पिसा, सहा पानं बाजूला काढा, उरलेली एकदा चाळा आणि ती सहा कोणती ते सांगा. भाचीला हे जमायला तीन आठवडे लागले.

पालकांसाठी थोडक्यात. पानांचं बंद पाकीट फोडून हवं ते पान मिळवणं, हा भाग निव्वळ नशिबाचा आहे. मूल खेळासाठी डेक बांधत असेल तर हवी ती सुटी पानं घेऊन द्या, पैसे वाचतील. खेळण्यांच्या दुकानांत मिळणारी सोनेरी पोकेमॉन पानं बहुतेक नकली असतात, ती स्पर्धेत चालत नाहीत.

गेल्या रविवारी भाची लवकर हरली. तिनं बेसिक ८ वरून ११ केले होते, आणि तरीही पहिल्याच डावात लागोपाठ दोन मुलिगन. मी काही बोलायच्या आत तिनं वही काढली. ११ बेसिकला एक मुलिगन २२ टक्के. लागोपाठ दोन म्हणजे त्याचा वर्ग, साधारण ५ टक्के, वीसात एकदा. ‘काय ठरवलं’च्या रकान्यात तिनं ‘डेक बरोबर’ लिहिलं, ‘काय झालं’च्या रकान्यात ‘नशीब’. मग समोरच्या काकांना म्हणाली, “अजून एक डाव मांडायचा का?” आणि पिसायला घेतलं, सात वेळा, मनात मोजत.