फळांचा गर साठवताना या चुका टाळा

जांभळाचा हंगाम आला की गर साठवणाऱ्यांकडून कोल्हापुरात मला दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते: रंग गेला. आंब्याच्या गराला चालते म्हणून जांभळाच्या गरातही पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजेच केएमएस, हे परिरक्षक (गर टिकवणारे रसायन) घातलेले असते. त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड जांभळाला रंग देणाऱ्या अँथोसायनिनशी जोडला जातो आणि गर फिका पडतो. राधानगरीकडच्या जांभळांचा 60 किलो गर एका बचत गटाने असाच साठवला होता. मला बोलावले तेव्हा कॅनमध्ये फिकट गुलाबी लगदा होता. तो आंबट करून उकळला, वायू निघून गेल्यावर काही रंग परतला, पण ताज्या गराची झळाळी आली नाही, आणि भल्या पहाटे जांभळे वेचणाऱ्या बायकांची निराशा मला पाहवली नाही. जांभूळ, करवंद, कोकम, स्ट्रॉबेरी यांना मी सोडियम बेंझोएट हे दुसरे परिरक्षकच वापरतो.

मात्र बेंझोएट आंबटपणावाचून काम करत नाही. पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) 4 च्या खाली असेल तरच त्याचा भरवसा धरावा. पपईचा गर स्वभावतःच कमी आंबट असल्याने त्यात आधी सायट्रिक ॲसिड मिसळून पीएच मोजावा लागतो. ही मोजणी टाळून बेंझोएटचे प्रमाण वाढवणे हा उतावळ्या नवशिक्यांचा आडमार्ग मला अजिबात मान्य नाही, कारण त्याने चव बिघडते आणि गर आंबवणारे यीस्ट तरीही वाढते. बेंझोएट मी वेगळ्या पाण्यात विरघळवतो. सायट्रिक ॲसिडच्या दाट द्रावणात ते घातले तर बेंझॉइक ॲसिडचा पांढरा साका बसतो आणि ते गरात नीट मिसळत नाही.

केएमएस गरम गरात घालू नका, वायू उडून जातो. गर गार झाल्यावर, थोड्या पाण्यात विरघळवून घाला. उघड्या डब्यातले जुने केएमएस वापरू नका. केएमएस घातलेला गर पत्र्याच्या डब्यात भरू नका, डबा आतून काळा पडतो. पेरूचा गर तपकिरी होतो म्हणून बेंझोएट वाढवणेही व्यर्थ आहे, कारण ते काम केएमएसचे आहे.

साठवलेल्या गरापासून पुढे सरबत किंवा जॅम करताना बेंझोएट उकळूनही जात नाही, म्हणून त्याचे प्रमाण तयार मालाच्या हिशेबात धरावे लागते. यासाठी मी प्रत्येक कॅनवर परिरक्षकाचे नाव, ग्रॅम आणि तारीख न चुकता लिहून ठेवतो.