शाळेत योग होतो, तरी लक्ष खिडकीबाहेर? या चुका टाळा

परिपाठानंतर पंधरा मिनिटं योग झाला, तरी पहिल्याच तासाला निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघतो. दोष बहुधा आसनांचा नसतो, ती घेण्याच्या पद्धतीचा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे योगाची कवायत करणं. शिट्टी वाजते, आकडे मोजले जातात, दहा मिनिटांत बारा आसनं उरकतात. मुलांचं लक्ष शिट्टीकडे राहतं, श्वासाकडे जातच नाही. त्यापेक्षा रोज ताडासन (ताठ उभं राहून हात वर ताणणं), वृक्षासन (एका पायावर तोल सांभाळणं), भ्रामरी (भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडणं) आणि शेवटी दोन मिनिटं गप्प बसणं, एवढंच घ्या. ती शेवटची दोन मिनिटं मात्र सूचना आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांनी खाऊ नका.

वृक्षासनात मुलं डगमगतात ती पायापेक्षा नजरेमुळे. शेजाऱ्याकडे पाहिलं की तोल गेलाच. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला खडूचा रुपयाएवढा ठिपका काढा आणि नजर तिथेच ठेवायला सांगा. तळपाय पोटरीवर किंवा मांडीवर टेकवा, गुडघ्यावर नको. एका पायावर 15-20 सेकंद पुरे. 'कोण जास्त वेळ' अशी स्पर्धा लावली की पोरं श्वास कोंडून उभी राहतात.

भ्रामरीची तर हमखास आरडाओरड होते. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, आणि श्वास सोडताना शेजाऱ्याला जेमतेम ऐकू येईल इतकाच गुंजारव. पाच आवर्तनं घ्या. श्वास रोखून धरायला लावू नका.

खिचडीनंतर लगेच आसनं नकोत. जेवणानंतर अडीच-तीन तास जाऊ द्या. दुपारच्या पेंगेवर बाकावरच हात वर ताणणं आणि डोळे मिटून दहा श्वास मोजणं चालतं. सकाळी उपाशी आलेल्या मुलाला आधी खायला द्या. त्याचं दुखणं वेगळं आहे.

'वर्ग शांत वाटतो' म्हणजे लक्ष वाढलं असं नाही. त्यासाठी योग सुरू करण्याआधी आणि नंतर, अशी दोनदा अक्षरं खोडण्याची चाचणी घ्या: कागदावर 22 ओळी, प्रत्येकीत 14 अक्षरं विस्कळीत क्रमाने, आणि ठरलेली सहा अक्षरं 90 सेकंदांत खोडायची. एकूण खोडलेल्यांतून चुकीची वजा करा. दुसऱ्या वेळी तोच कागद दिलात तर फसाल, कारण अक्षरांच्या जागा मुलांच्या लक्षात राहतात. नव्या कागदावरही सरावाने गुण थोडे चढतातच. म्हणून योग न करणाऱ्या त्याच इयत्तेच्या दुसऱ्या तुकडीलाही, त्याच वेळी, तेच कागद द्या. त्यांची वाढ वजा करून उरेल तेवढंच योगाच्या खात्यावर मांडा.