टमी टक नंतर टाक्यांकडे कसं बघायचं

माझं टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून स्नायू घट्ट करायचं ऑपरेशन, ऑगस्टमध्ये झालं, दोन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू जे सैल पडले ते परत आलेच नाहीत म्हणून. घरी आल्यावर इथे बडोद्यात डांडिया बाजारातल्या अर्ध्या नातेवाईकांनी एकच विचारलं, दुखतंय का गं? आणि खरी गोम तिथेच आहे, बेंबीखालची कातडी कितीतरी महिने बधिर असते, जखम उघडली तरी कळत नाही. दुखण्यावर जाऊच नका, डोळ्यांनी बघा.

पण बघणार कसं, सुरुवातीचे दिवस वाकून चालायचं, पोट सुजलेलं, खालचं काही दिसतच नाही. ड्रेसिंग बदलताना नवऱ्याला किंवा बहिणीला मोबाईलवर फोटो काढायला लावा, रोज त्याच खिडकीपाशी, डावीकडून, मधून, उजवीकडून, आणि बेंबीचा वेगळा. आजचा फोटो कालच्याशेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो.

मधला फोटो नीट बघा. वरची कातडी खाली ओढून शिवलेली असते, ताण सगळ्यात जास्त मध्ये आणि रक्तपुरवठा सगळ्यात कमी पण तिथेच, म्हणून उघडलं तर बहुतेक तिथेच, दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात. माझं सोळाव्या दिवशी शेंगदाण्याएवढं उघडलं, आत पिवळसर, मी तर रडायलाच लागले. सर्जननी परत टाके घातले नाहीत, सलाइनने धुवून ओलं गॉज भरायला सांगितलं, आतून वर भरत यायला महिना गेला. लहान जखम बऱ्याचदा अशीच भरू देतात.

कडा गुलाबी असल्या तर ठीक, लाली पसरत असेल तर तिच्याभोवती बॉलपेनने रेघ मारा, रेघेबाहेर गेली की फोन करा. पू, वास, गरम लागणं, 100.4 च्या वर ताप, तरी फोन. कड काळी पडतेय तर त्याच दिवशी दाखवा, हे तंबाखूवाल्यांना जास्त होतं, आणि हो, मिसरी पण तंबाखूच, सांगत नाही कोणी पण बायका लावतात! आधी निदान चार आठवडे आणि नंतरही चार, पूर्ण बंद. शुगर असेल तर ती आधी ताब्यात आणा.

ड्रेनचं, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेर काढायला लावलेल्या नळीचं, पाणी रोज त्याच वेळी मोजून लिहा, साधारण 24 तासात 30 मिलीच्या खाली आलं की काढतात, पण ते सर्जन ठरवणार. ड्रेन निघाल्यावर पोट दाबलं की आत पाण्याची पिशवी हलल्यासारखं वाटलं तर तो सेरोमा, सुईने काढतात, बधिर असल्यामुळे मला काही कळलं पण नाही. एकाच बाजूला अचानक फुगून टणक झालं तर रक्त साचलेलं असू शकतं, तेव्हा थांबू नका. आणि एकच पोटरी सुजली, दम लागला, छातीत दुखलं तर 108, सकाळ होईपर्यंत वाट बघायची नाही.

दीड दोन महिन्यांनी टाक्यावर पुटकुळी येऊन पांढरा दोरा डोकावतो, तो आतला विरघळणारा टाका, ओढू नका, दाखवा.

सासूबाईंनी हळद आणली होती, प्रेमाने, पण उघड्या जखमेत हळद, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीच नाही. गरम पाण्याची पिशवी तर बिलकुल नाही, बधिर कातडी भाजली तरी समजत नाही. खंडेराव मार्केटची भाजीची पिशवी सहा आठवडे दुसऱ्याने उचलायची.

जखम पूर्ण बंद झाल्यावरच सिलिकॉन जेल, व्रण फिका पडायला वर्ष दीड वर्ष लागतं.

नवरात्रात सर्जननी गरब्याला नाही म्हटलं तेव्हा राग आला होता, पण नुसतं बसायला म्हणून चणियाचोळी घातली आणि नाडी बरोबर टाक्यांच्या ओळीवर बसली. दहा मिनिटात घरी येऊन गाऊन घातला. परकराची नाडी पण तशीच, काही महिने बेंबीच्या वर बांधा, मऊ कापडाची.